गाडीची इस्लाह

कोल्हापूरहून गाडी घेऊन मी चिपळूणला पोचले, तेव्हा मगरिबची नमाज नुकतीच आटोपली होती. गल्लीत शिरताच गाडीचा आवाज असा काही घुमला की समोरच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरच्या गॅलऱ्या भरून गेल्या. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातली तसबीह तशीच घेऊन दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग तिच्यातून उतरणाऱ्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मला वाटलं कुणाची बारात रस्ता चुकून इकडे आली. ही तर तू!”

माझा अकरावीतला मुलगा मात्र धावतच जिना उतरून खाली आला. गाडीभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या, चाकाजवळ उकिडवा बसला, मागच्या नळकांड्यात डोकावला. “अम्मी, ही खरंच आपली?” एवढंच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी इतका आदर मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मी चव्वेचाळीस वर्षांची, बी.एड. झालेली शिक्षिका. खेड तालुक्यातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये मुलांना मराठी आणि उर्दू शिकवते. अशा बाईने स्पोर्ट्स कार का घ्यावी, हा प्रश्न त्या रात्री घरच्यांनी विचारला, दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विचारला गेला आणि खरं सांगायचं तर मीही तो स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. म्हणून आज सगळं सांगायला बसले आहे.

माझे मरहूम अब्बा एस.टी.मध्ये ड्रायव्हर होते. कुंभार्ली घाटाने कराडला जाणारी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडे होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला बरोबर नेत. मी त्यांच्या मागच्या पहिल्या बाकावर बसून त्यांचे हात-पाय न्याहाळत असे. घाट चढताना ते म्हणत, “आधी इंजिन काय म्हणतंय ते ऐक. गिअर नंतर.” वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक दाबत बसायचं नाही, वळण सरत आलं की हळूहळू वेग द्यायचा, हे मी मोटार शिकण्याच्या कितीतरी आधी शिकले ते त्या बाकावर. मागे एखादं मूल झोपलेलं आहे आणि ते जागं होता कामा नये, असं समजून गाडी चालवायची, हा त्यांचा नेम होता. स्वतःची चारचाकी घेणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. त्यांच्यामुळे मोटार ही माझ्यासाठी नुसती बसायची वस्तू राहिली नाही, चालवायची झाली.

नोकरी लागल्यावर मी एक जुनी छोटी मोटार घेतली होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात आमच्या इमारतीचं तळमजल्यावरचं पार्किंग बुडालं आणि ती मोटार छतापर्यंत चिखलात गेली. त्यानंतर दोन वर्षं मी चिपळूण-खेड हा तीसेक किलोमीटरचा रस्ता एस.टी.ने आणि वडापने केला. परशुराम घाटात रुंदीकरणाचं काम चाललेलं, पावसात दरडी कोसळायच्या. कधी शाळेची पहिली तासिका चुकायची, कधी घरी पोचायला इशा व्हायची.

गाडी घ्यायची तर व्याजाच्या हप्त्याने घ्यायची नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं. विम्याचे मिळालेले आणि पगारातून साठवलेले धरून माझ्याजवळ पाच लाख होते. नवी साधी हॅचबॅक रस्त्यावर येईपर्यंत सात लाखांच्या घरात जात होती. म्हणजे जुनीच घ्यायची. जुन्या गाड्या पाहता पाहता एक दिवस नजर अडकली ती अबार्थ पुंटोवर.

फियाट म्हटलं की आपल्याला मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. पण त्याच घराण्याची ही दुसरी पाती आहे. कार्ल अबार्थ हा १९०८ साली व्हिएन्नात जन्मलेला माणूस. १९४९मध्ये त्याने इटलीत स्वतःचा कारखाना काढला. फियाटच्या छोट्या, घरगुती मोटारी घ्यायच्या आणि त्यांना शर्यतीत धावण्याजोग्या करायच्या, हे त्याचं काम. त्याची रास वृश्चिक, म्हणून कारखान्याची खूण विंचू. मोटारींना लावायचे खास सायलेन्सर विकूनही त्याने मोठं नाव कमावलं. या सायलेन्सरची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तीच विंचवाची खूण घेऊन पुंटो ऑक्टोबर २०१५मध्ये भारतात आली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. साध्या पेट्रोल पुंटोच्या दुपटीहून जास्त ताकद. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. तेव्हा तिची किंमत दहा लाखांच्या आसपास होती. पुढे फियाटने भारतात मोटारी विकणं थांबवलं आणि या गाड्या जुन्या बाजारात निम्म्या किमतीवर आल्या. जाणकार तिला स्पोर्ट्स कार म्हणत नाहीत, हॉट हॅच म्हणतात, हे मुलगा मला आजही ऐकवतो. असेल. पण पाच दारं, पाच जणांची बसायची सोय, मागे धान्याचं पोतं मावेल एवढी डिकी आणि पुढे असं इंजिन! शिक्षिकेची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच.

मिस्टर कुवेतमध्ये नोकरीला आहेत. फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैसे तुझे, मर्जी तुझी. फुजूलखर्ची आहे की नाही ते तूच ठरव. फक्त अम्मींना तिच्यात नीट बसता-उठता येईल का, एवढं बघ.” मी “हो हो” म्हटलं. तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्षच नव्हतं.

कोल्हापूरचा तो मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. परदेशात नोकरी लागली म्हणून गाडी विकत होता. कागदपत्रं चोख होती. आर.सी., विमा, सर्व्हिसची बिलं, कर्जाचा बोजा नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. साडेचार लाखांना सौदा ठरला. त्याच्या आईने चहा आणि भडंग पुढे ठेवलं. मी निघताना त्या गाडीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आवाजाची फार कटकट व्हायची हो. पण रात्री आवाज आला की कळायचं, पोरगं घरी आलं.” मग पदराने बॉनेटवरची धूळ पुसल्यासारखं करून आत निघून गेल्या.

त्या मुलाने गाडीवर हौसेने बरंच काही केलं होतं. मूळ सायलेन्सर काढून सरळ नळी बसवलेली. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवलेली. सोळा इंचांऐवजी सतरा इंचांची चाकं आणि त्यांवर पातळ टायर. हेडलाइटमध्ये निळसर पांढरे झगझगीत बल्ब. काचांना काळी फिल्म, बॉनेटला काळा कागद, गाडीखाली लाल दिवे, डिकीत मोठा स्पीकर, मागच्या काचेवर वीतभर उंचीची अक्षरं. इंजिनाच्या संगणकातला हिशोब बदलून ताकदही वाढवलेली. मी मोजलं तेव्हा दहा बदल भरले. त्या दिवशी मला त्यातला एकही खटकला नाही, हे कबूल करते. उलट कुंभार्ली घाट उतरताना अब्बांच्या ओळखीचं प्रत्येक वळण आलं आणि गेलं, आणि माझा गळा भरून आला.

पुढचे दोन आठवडे मात्र वेगळे गेले.

शाळेच्या फाटकाशी गतिरोधक आहे. पहिल्याच दिवशी गाडीचं पोट त्याच्यावर असं घासलं की प्रार्थनेच्या रांगा वळून पाहू लागल्या. मुलगे खूश. मधल्या सुट्टीत गाडीभोवती कोंडाळं. शनिवारी सकाळची शाळा असते, पहाटे फजर पढून सहाला निघावं लागतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या यजमानांना लकवा झालेला आहे, रात्रभर त्यांना झोप लागत नाही, लागली तर पहाटे. काकूंनी तक्रार केली नाही. फक्त एकदा जिन्यात म्हणाल्या, “तुझी गाडी निघाली की मला घड्याळ पाहावं लागत नाही.” मी हसले. वर जाऊन कुलूप उघडताना त्या वाक्याचा अर्थ लागला आणि हसू मावळलं.

अम्मींचे गुडघे दुखतात, कंबरही धरते. दर बुधवारी मी त्यांना खेडला व्यायामोपचारासाठी नेते. गाडी इतकी खाली की त्यांना आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. स्टिअरिंगवरचा विंचू पाहून पहिल्यांदा त्या मागेच सरल्या. “नांगीवर बसून दवाखान्यात जायचं का आता?” रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेत जायचा. पण त्या “अल्ला” म्हणायच्या आणि गप्प राहायच्या.

त्या दुसऱ्या बुधवारी परशुराम घाटात आमच्या पुढे एक टँकर होता. लोटेच्या कारखान्यांकडे जाणारे असे टँकर तिथे नेहमीचेच. एरवी मी शांतपणे त्यांच्या मागून जाते. पण या गाडीचा आवाजच असा होता की पाय आपोआप खाली जायचा. मी टँकरला ओलांडायला बाहेर काढली, आणि समोरून एस.टी. आली. ब्रेक चांगले होते. मी मागे आले. काही झालं नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

अम्मी वाटेत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या, “तुझे अब्बा असते, तर आज मधेच गाडीतून उतरले असते.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अब्बांचं नाव सांगून मी ही गाडी घेतली होती. पण त्यांनी शिकवलेलं काही तिच्यात उरलं होतं का? इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं, हा त्यांचा धडा. त्या नळीच्या गोंगाटात इंजिन ऐकूच येत नव्हतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला गझल शिकवत होते. उर्दू शायरीत इस्लाहची रीत आहे. नवखा शायर आपली गझल उस्तादाला दाखवतो आणि उस्ताद तिच्यात दुरुस्ती करतो, ती इस्लाह. चांगला उस्ताद आपल्या पदरचं फारसं घालत नाही, तो आधी खोडतो. ओळीचं वजन भरावं म्हणून घुसवलेला, पण अर्थाला काहीच न देणारा शब्द असतो, त्याला हश्व म्हणतात. तो निघाला की ओळ सरळ उभी राहते. आणि खोडताना उस्ताद एवढं पाहतो, की शागिर्दाचं म्हणून काहीतरी राहिलं पाहिजे, नाहीतर गझल उस्तादाचीच व्हायची. मी फळ्यावर ‘हश्व’ लिहिलं, तसा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “टीचर, मिसाल द्या ना.” मिसाल शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. मी वहीतला शेर दिला.

मोटारींच्या जगातही हा विचार नवा नाही, हे मला नंतर मुलाने सांगितलं. ब्रिटनच्या लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याचा सगळा भर गाडीचं वजन कमी करण्यावर होता. नुसती ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन कमी केलं तर वळणावरही पळते, असं त्याचं म्हणणं. जपानची माझदा एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली दोन जणांची उघडी गाडी. तिचं इंजिन बेताच्या ताकदीचं, तरी दहा लाखांहून जास्त खपली. घोडा आणि स्वार एकजीव होणं, ही जुनी जपानी कल्पना ती बनवणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवली होती. घोड्याला झालर कितीही लावा, स्वार त्याच्याशी एकजीव होतो तो लगाम हलका धरल्याने.

मी वहीचं एक पान घेतलं आणि तीन रकाने आखले: काढायचं, ठेवायचं, घालायचं.

खेडजवळ माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. शाळेत असताना माझ्या हातून त्याच्या निबंधाच्या वहीवर लाल शाईच जास्त झाली असेल. आता त्याच्या हातात माझी गाडी होती. त्याने तिला लिफ्टवर चढवलं, खालून टॉर्च मारली आणि म्हणाला, “टीचर, राग मानू नका. ह्या निबंधात विषय सोडून सगळं आहे.”

मग त्याने एकेक समजावून सांगितलं. स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर-खाली व्हायला जागा राहत नाही. खड्ड्यात चाक सरळ रबरी ठोकळ्यावर आपटतं, धक्का सगळा माणसाच्या मणक्यात जातो. मुळात कंपनीनेच ही गाडी साध्या पुंटोपेक्षा खाली ठेवली आहे, जमिनीपासून १५५ मिलिमीटर. आपल्या रस्त्यांना त्याहून खाली परवडत नाही. चाक मोठं म्हणजे टायरची बाजू पातळ. हवेची गादी गेली, खड्ड्यात रिम वाकते. हेडलाइटची आरशासारखी वाटी ठरावीक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेली असते. तिच्यात भलता बल्ब घातला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्हाला वाटतं आपल्याला छान दिसतंय, आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.

“आणि कायद्याचं?” मी विचारलं.

तो हसला. “ते तर तुम्ही आम्हाला शिकवायचं.” पण त्याला सगळं ठाऊक होतं. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फरक करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. काचेतून उजेड किती आरपार जावा त्याचंही माप आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेले बदल अपघातानंतर दावा अडवू शकतात. “दहा बदल, टीचर. सगळेच नियमाबाहेरचे निघाले, तर पाच दाहे पन्नास.”

काढायचं ठरलं, पण मूळ वस्तू कुठून आणायच्या? मी कोल्हापूरला फोन लावला. मुलगा परदेशी गेलेला. आईंनी उचलला. म्हणाल्या, “माळ्यावर गोणपाटात काहीतरी बांधून ठेवलंय त्याने. बघते.” चौथ्या दिवशी एस.टी. पार्सलने गोणपाट आलं. आत मूळ सायलेन्सर, चार स्प्रिंगा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले हेडलाइटचे मूळ बल्ब. त्या माउलीने बल्बसुद्धा जपून पाठवले होते.

सगळं व्हायला तीन रविवार लागले. नळी निघून सायलेन्सर लागला. मूळ स्प्रिंगा बसल्या. सोळा इंचांची चाकं घेतली आणि १९५/५५ मापाचे चांगले टायर. यात काटकसर केली नाही, कारण रस्त्याला टेकलेली गाडी म्हणजे शेवटी तेवढंच चार तळहात रबर. फिल्म, कागद, लाल दिवे, अक्षरं, स्पीकर, सगळं गेलं. डिकीत परत तांदळाचं पोतं मावू लागलं. संगणकातला मूळ हिशोब परत भरला. मुळातली १४५ अश्वशक्तीच मला जन्मभर पुरेल.

घालायच्या रकान्यात थोडंच होतं. नवं ब्रेक ऑइल आणि पॅड. कोकणातल्या पावसासाठी खालून गंजरोधक लेप आणि मडफ्लॅप. मागे घेताना आवाज देणारे सेन्सर. अम्मींच्या सीटवर कमरेला आधार देणारी पातळ उशी. जाड गादी घालू नका, पट्टा नीट बसत नाही, असं त्यानेच बजावलं. जुनी चाकं आणि स्पीकर विकून आले ते वजा जाता एकेचाळीस हजार खर्च झाला. ते धरूनही गाडी पाच लाखांच्या आतच राहिली.

ठेवायच्या रकान्यात एकच नोंद होती. त्या मुलाने स्टिअरिंगला चामड्याचं आवरण शिवून घेतलं होतं, लाल दोऱ्याने, हाताने, टाक्याला टाका लावून. कुणा जुन्या कारागिराचं काम होतं ते. विद्यार्थ्याने विचारलं, “हे पण काढू?” मी म्हटलं, “नको. शागिर्दाचा एक मिसरा राहू दे.” त्याला कळलं नाही. पण त्याने ते ठेवलं.

माझा मुलगा रुसला. “अम्मी, तू गाडीतली सगळी मजाच काढून टाकलीस. आता ती कुणाच्याही गाडीसारखी दिसते.” मी वाद घातला नाही. रविवारी पहाटे त्याला घेऊन कुंभार्ली घाटाकडे निघाले. रस्ता मोकळा होता. काच खाली केली, रेडिओ बंद. चढाला लागल्यावर त्याला म्हटलं, “आता इंजिन काय म्हणतंय ते ऐक आणि गिअर कधी बदलायचा ते तू सांग.” पहिल्या तीन वेळा त्याने घाई केली. चौथ्यांदा बरोबर सांगितलं. मग टर्बोची बारीक शीळ त्याला ऐकू आली. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक चक्र फिरवतो आणि ते चक्र जादा हवा आत कोंबतं, तिची ती शीळ. सरळ नळीच्या गोंगाटात ती कधी कानांवर आली नव्हती. वेग ताशी पन्नासच्या आसपास होता. वळणांमागून वळणं गेली, ब्रेकचा दिवा फार तर चारदा लागला असेल. वर पोचल्यावर मी गाडी लगेच बंद केली नाही. चढानंतर टर्बो तापलेला असतो, इंजिन मिनिटभर चालू ठेवलं की तेल फिरून तो निवतो. त्या मिनिटभरात मुलगा म्हणाला, “नाना असंच चालवायचे?”

“याहून छान,” मी म्हटलं. “त्यांच्या मागे पन्नास माणसं असायची.”

पुढच्या वर्षी तो अठराचा होईल, लायसन काढेल. मग तो काय करेल ते अल्लाह जाणे. पण आता वाटेत मोठ्या आवाजाची गाडी दिसली की तो पूर्वीसारखा मान वळवत नाही, कान देतो आणि म्हणतो, “ह्याचे मूळ पार्ट माळ्यावर असतील का?”

फुजूलखर्चीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. गाडी लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते, साधी गाडी अठरा देईल. मिस्टर फोनवर अधूनमधून पेट्रोलचा भाव विचारतात आणि हसतात. मी हौस केली, हे खरं. हौस कुणाच्या हक्कावर पडत नाही ना, एवढंच मी आता पाहते. शेजाऱ्याची झोप, समोरच्याचे डोळे, अम्मींची कंबर, रस्त्यावर चालणारं कुणाचं मूल, हे सगळे त्या गाडीचे हिस्सेदार आहेत, माझ्या पाच लाखांत त्यांचा एक पैसा नसला तरी.

बुधवारी अम्मी आता माझ्या शेजारी बसतात. “विंचू आपला झालाय,” म्हणतात. मागच्या महिन्यात परतीच्या वाटेवर त्यांची तसबीह थांबलेली दिसली. पाहिलं तर परशुराम घाट उतरता उतरता त्यांना झोप लागली होती. घरापर्यंत मी गिअर बदलले ते श्वास रोखूनच.

कोल्हापूरच्या आईंना सामान मिळाल्याचं कळवायचं राहून गेलं होतं, म्हणून फोन केला. त्यांनी विचारलं, “बसला का सायलेन्सर? आवाज गेला?”

“गेला,” मी म्हटलं.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं झालं. जपून चालवा हं.” मी त्यांना लाल दोऱ्याच्या शिलाईचं सांगितलं, ती तशीच ठेवली आहे म्हणून. तेव्हा त्यांचा आवाज जरा उजळला.

आणि काकू? इस्लाह पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे सहाला शाळेला गेले, दुपारी परतले. काकू जिन्यात भेटल्या. हातात दुधाची पिशवी होती. मला पाहून म्हणाल्या, “काय गं, आज शाळेला सुट्टी होती का? सकाळी गाडी निघालीच नाही तुझी.”